उरलेली किडनी

“काका, लघवी आली!” नर्सने खाटेला लटकवलेली पिशवी हलवून दाखवली. दिगंबररावांची एकुलती एक किडनी वाचली होती. सर्जननी ती बर्फात गार ठेवून कॅन्सरची गाठ तेवढी कापली होती. डायलिसिस टळलं म्हणून बाहेर मुलगी रडत रडत सगळ्यांना फोन लावत होती.

“दुसरी जन्मापासूनच नव्हती?” नर्सने विचारलं.

“होती की. बायकोला दिली.”

“अय्या! काकू कशा आहेत मग?”

“गेली, दिवाळीनंतर. हार्टने. किडनी शेवटपर्यंत झकास चालली. माल आमचा होता.”

नर्स पिशवीवरचा आकडा टिपून घेऊन बाहेर गेली.

कुमुदला किडनी बसवली तेव्हा तिच्या पहिल्या लघवीचे त्यांनी वॉर्डभर पेढे वाटायला लावले होते. कशाचे ते कळल्यावर मेहुण्याने उष्टा पेढा कागदात परत गुंडाळला, आणि दोघं नवराबायको टाके धरून हसली होती.

मुलगी डोळे पुसत आत आली. “बाबा, सगळ्यांना कळवलं. आणखी कोणाला सांगायचं राहिलंय का?”

“तुझ्या आईला,” ते पटकन म्हणून गेले, आणि मुलगीही तितक्याच पटकन “हो, लावते” म्हणून गेली.