सगळ्यांनी पाण्यात उतरायचंय

शुभंकर हिंजवडीत टीम लीड आहे आणि घरी बायकोला मारतो. आडून कशाला सांगायचं? मागच्या महिन्यात पोळी करपली म्हणून त्याने अपेक्षाचं डोकं ओट्यावर आपटलं होतं.

पण ऑफिसची फॅमिली ट्रिप ठरली आणि त्याचा हात थांबला. ताम्हिणीच्या जंगलात दिवसभर झिपलाइन, रॅपलिंग आणि शेवटी रिसॉर्टच्या पूलमध्ये सगळ्यांनी पोहायचं. चारचौघांत अंगावरचे वळ दिसले असते. अपेक्षाने पोहण्याचे नवे कपडे घालून बघितले, तेव्हा त्याने तिला ट्यूबलाइटखाली उभं केलं आणि गोल फिरवून पाठ, मांड्या नीट तपासल्या.

"जुनं सगळं गेलंय. छान."

त्याच आठवड्यात तिच्या हातून त्याचा आवडता कॉफीचा मग फुटला, नंतर आमटी खारट झाली. दोन्ही वेळा त्याने मूठ आवळली आणि सोडून दिली.

"रविवार जाऊ दे. मग बघतो तुझ्याकडे. विसरलो नाहीये मी काही."

शनिवारी संध्याकाळी ती बॅग भरत होती. जळवा चिकटल्या तर टाकायला मीठ पुडीत बांधत होती. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला.

"घाटात दरड कोसळलीय. ट्रिप कॅन्सल," त्याने मेसेज वाचून दाखवला आणि शांतपणे कमरेचा पट्टा सोडायला घेतला.



अपेक्षाने उठून टीव्हीचा आवाज वाढवला.