सागाचं दार

मी सून होऊन या घरात आले, त्या वर्षी नवऱ्याने आंब्याच्या लाकडाचं जुनं दार काढून सागाचं बसवलं. सुतारच तो. जुनं दार पावसापाण्याने फुगायचं, उघडताना करकरायचं. थोरले दीर भांडून निघून गेले, त्यानंतर सासऱ्यांची दृष्टी गेली होती. त्या करकरीवरून ते माणूस ओळखायचे.

"बाबा, साग आहे. फुगणार नाही, वाळवी लागणार नाही, आवाज तर नाहीच नाही."

सासऱ्यांनी दारावर हात फिरवला. "झकास झालंय रे. पण थोरला आला तर मला कळणार कसं?"

"दादा काय मांजर आहे, गुपचूप यायला? हाक मारेलच की!"

तरी त्या दिवसापासून सासरे दाराकडे तोंड करूनच बसायचे.

सासरे माझी थोरली मुलगी जन्मायच्या महिनाभर आधी वारले. थोरले दीर घरात आले ते सगळं आटोपल्यावर. नवऱ्याला म्हणाले, "मी मागेच येऊन गेलो होतो. दार उघडलं तर बाबा समोरच. माझ्याकडे नुसते बघत राहिले, चकार शब्द बोलले नाहीत. म्हटलं, राग गेला नाही अजून. आलो तसा फिरलो."

दार अजून जसंच्या तसं आहे.