आरजूचा डाव

केंद्रप्रमुख साहेबांनी तपासणीच्या वहीत 'शंभर टक्के' असे लिहिले आणि पेनाला टोपण लावले.

"वाचन शंभर टक्के, वजाबाकी शंभर टक्के. तालुक्यात अशी दुसरी शाळा नाही, बद्रीनाथ गुरुजी."

वर्गात एकच मुलगी बसली होती. तिसरीतली ऋतुजा.

गाडीला किक मारताना साहेब हळू आवाजात म्हणाले, "हिला तेवढी हलू देऊ नका. हजेरी शून्य दिसली की शाळेला कुलूप."

गुरुजींनी मान डोलावली. बाकीची दहा मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. प्रत्येकाला त्यांनी हमी कार्ड भरून दिले होते. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत बसू देतात. ऋतुजाचे कार्ड मात्र त्यांच्या खणात होते. तिच्या आजीला, रतनबाईला, तीनदा घरी जाऊन त्यांनी गळ घातली होती. म्हणून ती राहिली होती.

मधल्या सुट्टीत ती अंगणात आखलेल्या चौकटींत खापरीचा तुकडा टाकून लंगडी घालत होती. शेवटच्या चौकटीपर्यंत जाऊन परत आली.

"आता आरजूचा डाव," ती स्वतःशीच म्हणाली आणि पाय बदलला. आरजू डाव्या पायावर लंगडी घालायची. ती शाळेत स्वयंपाक करणाऱ्या अकबरीची नात. जूनपासून चौसाळ्याच्या इंग्रजी शाळेत जात होती.

"आउट," ऋतुजा म्हणाली आणि बाजूला झाली. खापरी तिने चौकटीतच राहू दिली.

गुरुजी दारात आले. "आरजू हरली का?"

"ती रेषेवर पाय देती." मग खाली बघत म्हणाली, "गुरुजी, बंकटमामाची गाडी आता निघायलीय कारखान्याला. आजी म्हणली, गुरुजीनं कार्ड दिलं तर जा."

"तिथं शाळा लांब असते, बाळ."

"आई हाय तिथं. समदी पोरं बी हायेत."

गुरुजींनी चष्मा पुसला. मग आत जाऊन खण उघडला. कार्डावर 'वाचन' या शब्दापुढची जागा कोरी होती. तिथे त्यांनी लिहिले : न अडखळता. शिक्का पुसट उमटला, म्हणून पुन्हा दाबला.

कार्ड घेऊन ती पळाली. फाटकाशी थांबून ओरडली, "आरजूला सांगा, माझा पुढचा डाव बी तिचाय. खापरी हलवू नका."

अकबरी खिचडीचे ताट घेऊन बाहेर आली. "एका लेकराची खिचडी बुडालाच लागती बघा. पातेलं लई मोठं हाय. कुठं गेली पोरगी?"

"आईकडं."

अकबरी ताट धरून उभी राहिली. "उपाशीच धाडली व्हय?"

हे गुरुजींच्या लक्षातच आले नव्हते.

अकबरीची नजर चौकटींतल्या खापरीवर गेली. उचलायला ती वाकली.

"राहू द्या," गुरुजी म्हणाले. "तुमच्या आरजूचा डाव आहे."

"तिची व्हॅन दिवस मावळताना येती," अकबरी म्हणाली आणि ताट झाकायला आत गेली.

सुट्टी संपायला पाच मिनिटे होती. चौकटींना वळसा घालून गुरुजी घंटेपाशी गेले आणि घड्याळ बघत उभे राहिले.