पिवळे म्हणजे कच्चे

निवृत्त हेडमास्तरांनी बाल्कनीतल्या कुंडीत चेरी टोमॅटोचं बुटकं रोप लावलं. गुडघ्याएवढं ते रोप पिवळ्याधमक टोमॅटोंनी लगडलं, तरी त्यांचा हुकूम एकच: "अजून कच्चे आहेत. लाल झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही!"

त्यांच्या बायकोने सुनेला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, ही जातच पिवळी! मी एक चाखला, साखरेसारखा गोड आहे. ह्यांना मात्र सांगू नकोस, बसू देत वाट बघत."

मग रोज दुपारी हेडमास्तर घोरायला लागले, की सासू-सुना मूठ मूठ टोमॅटो फस्त करायच्या आणि पोट धरधरून हसायच्या. संध्याकाळी हेडमास्तर कुंडीपुढे डोकं खाजवत उभे. "पाखरं फार माजलीत हो!"

महिन्याभराने बायकोला तपासणीला नेलं. ती चपला घालायला बाहेर गेली, तशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून नजर उचलली. "काका, फळं-भाज्यांचं नाव काढलं तरी नाक मुरडणाऱ्या काकू सुधारल्या कशा?"



"सांगून खात नव्हती," हेडमास्तर कुजबुजले, "म्हणून चोरायची सोय केली."