अंगावरचा सदरा

मंगळवारी समुद्राला सुट्टी, त्यामुळे अख्खं गाव किनाऱ्यावर जाळी सांधत बसलेलं. तरी अराबाच्या भावाला भोसकताना कुणीच पाहिलं नाही! राजधानी अक्राहून फौजदार उगवले शनिवारी. “या, साहेब! एवढ्या वेळात मासा वाळूनही होतो,” शेजारच्या मान्साकाकूनं टोमणा हाणलाच. फौजदार अराबाच्या आईकडे वळले. “मावशी, पोराच्या अंगावरचा तो सदरा द्या. त्यावरून मारेकरी सापडेल.” झटापटीत मारेकऱ्याचंही रक्त सदऱ्याला लागलं असणार, हे अराबाला उमगलं आणि तिनं आईचा हात धरला. आई मात्र चार दिवसांत पहिल्यांदाच लगबगीनं उठली. पितरांच्या दारी लेक मळका जाऊ नये, म्हणून तिनं तो सदरा लिंबू चोळून तीनदा धुतला होता. “घ्या, डाग म्हणून शिल्लक नाही. आता सापडेल ना हो?” फौजदारांनी वही मिटली. “सापडेल हं, आई,” म्हणत अराबानं सदऱ्याची घडी घातली.