रेघेपलीकडे

मैदानाच्या कडेला चुन्याची रेघ होती. पालकांनी तिच्या अलीकडेच थांबायचं, हा खेळाच्या सरांचा नियम. धावण्याच्या तिसऱ्या फेरीत लेक छाती धरून खाली बसली तशी आई रेघ ओलांडून धावली. "दम्याचा पंप कुठंय गं?" लेकीनं सरांच्या पिशवीकडे बोट केलं. "मीच काढून घेतला," सर म्हणाले. "सवय लागते त्याची. वीस वर्षं पोरं घडवतोय, ताई. मैदानात माझाच शब्द शेवटचा." आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमचा शब्द घाला चुलीत! पोर काळीनिळी पडतेय माझी!" तिनं पिशवी हिसकावून जमिनीवर उपडी केली. लेकीच्या पंपासोबत आणखी चार पंप घरंगळले, प्रत्येकावर एकेका मुलाचं नाव. लेकीला फवारा देता देता आई पालकांकडे बघून ओरडली, "या, आपापले ओळखा!" सरांनी शिट्टी फुंकली. तोवर रेघेचा चुना सगळ्यांच्या चपलांना चिकटला होता.