उन्हातले तुकडे

दोन वर्षं प्रयोगशाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवलेला पॉलिकार्बोनेटचा तुकडा वैजयंतीने उचलून डोळ्यांसमोर धरला. हे प्लास्टिक उन्हात पिवळं पडतं; तिने बनवलेलं मात्र काचेसारखं नितळ राहिलं होतं. तसं मांडणारा तिचा प्रबंध कालच विद्यापीठात गेला होता.

निवृत्तीचे पेढे घेऊन शिपाई गेनूमामा वर आले.

"टिकले ना, ताई, तुकडे?" त्यांनी विचारलं. "रोज ताडपत्री घालत होतो. दर सोमवारी तुम्ही बघायला यायच्या आधी काढून, पुसून ठेवायचो. एवढ्या मेहनतीची वस्तू उन्हाने खराब होऊ द्यायची का?"

हातातल्या नितळ तुकड्यावरून तिने नजर वर केली. मामांचा चेहरा समाधानाने फुलला होता.

काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, तसा मामांनी पेढा भरवला.